खोकडाची नखं

खोकड नावाचा प्राणी नसतोच, असं मी बायकोला दीड वर्ष सांगत होतो. लग्नाला तेवढंच आयुष्य मिळालं.

ती वाढली वडुजाकडे. तिचे वडील तलाठी, त्यामुळे दुष्काळी खटाव तालुक्यातल्या चार-सहा गावांत तिचं लहानपण गेलेलं. मी वाईचा, कृष्णेच्या घाटावर पाय आपटत मोठा झालेला. दारात नदी असताना ही तांब्याभर पाण्यात दोन भांडी विसळायची आणि उरलेलं पाणी तुळशीला घालायची. मी तिला त्यावरून चिडवायचो. चिडली की म्हणायची, "तुमच्या वाईला नदी आहे, घाट आहेत, देवळं आहेत. पण खोकड आहे का?"

मी म्हणायचो, खोकड म्हणजे कोल्हाच, उपासमारीनं वाळलेला. मग ती भांडी तशीच ठेवून वर्णन करायला बसायची. मांजराहून थोडं मोठं, राखी, पाय काड्यांसारखे, कान तोंडाच्या मानानं फारच मोठे, आणि शेपटीचा झुबका टोकाशी काळा, दौतीत बुडवून काढल्यासारखा. माळावर बीळ करून राहतं. बिळाला पाच-सहा तोंडं असतात. आपण एका तोंडाशी बसलो की ते दुसऱ्या तोंडातून आपली गंमत बघतं. एकदा मी तुम्हाला दाखवीन, असं ती म्हणायची. आधी दाखव, मग बोल, असं मी म्हणायचो. भांडण लुटुपुटीचंच होतं. पण मी हट्टी माणूस, लुटुपुटीच्या भांडणातसुद्धा हरायला मला आवडत नाही.

श्रावणात तिला विषमज्वर झाला. साताऱ्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं असं माझ्या मनात होतं. वडील म्हणाले, या पावसात बैलगाडीतून आणि मोटारीतून हलवलं तर वाटेतच काही व्हायचं, जरा उघडीप मिळू दे. वैद्यांचं औषध चालू होतंच. आम्ही उघडीप मिळायची वाट पाहिली. अठराव्या दिवशी ती गेली. त्या काळी साताऱ्याच्या डॉक्टरांपाशीही विषमज्वरावर काही खात्रीचं औषध नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मी सगळा दोष वडिलांच्या माथी मारून मोकळा झालो आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं.

वडील भिक्षुकी करत. उजव्या हाताची अनामिका लहानपणी घाटाच्या पायरीवर पडून मोडलेली, ती वाकडीच बसली होती. दर्भाचं पवित्रक त्याच बोटात घालायचं असतं, त्यामुळे कुठल्याही कार्याला ते घालताना आणि काढताना त्यांची खटपट व्हायची. दुसऱ्याच्या मदतीला ते बोट पुढे करत नसत.

आमच्याकडे चाल अशी, की माणसानं जिथे प्राण सोडला ती जागा सारवायची, तिच्यावर तांदळाचं पीठ चाळून सपाट पसरायचं, शेजारी दिवा लावायचा आणि पिठावर टोपली पालथी घालायची. सकाळी टोपली उचलायची. पिठावर कसली खूण उमटली असेल तिच्यावरून गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला ते ओळखायचं. काहीच उमटलं नाही तर आमच्या आळीतल्या बायका भिऊन जात. जीव घरातच घुटमळतोय, म्हणत. मी ट्रेनिंग कॉलेजात शिकून आलेला मास्तर. असल्या गोष्टींना हसणं हे मी माझं कर्तव्यच समजत होतो. तरी त्या सकाळी टोपलीशी सगळ्यांच्या पुढे मीच जाऊन बसलो होतो.

पिठावर चार ठिपके होते. तीन एका ओळीत, चौथा जरा मागे सरलेला. आई म्हणाली मुंगूस असेल. आत्या म्हणाली मांजर, आणि मागच्या ठिपक्यावरून तिनं ते मांजर लंगडंही ठरवलं. वडील रात्रभर दिव्याशी बसले होते, दिवा विझू नये म्हणून. ते पंचा खांद्यावर टाकून नदीवर निघाले होते. दारातून वळून म्हणाले, "खोकडाचं असेल." आणि गेले.

मला ते वाक्य फार लागलं. वडिलांनी जन्मात खोकड पाहिलेलं नव्हतं. साताऱ्याच्या पूर्वेला ते कधी गेलेच नव्हते, लग्नसुद्धा वाईलाच लागलं होतं. तिनं त्यांनाही सांगितलं असणार, असं वाटलं. ती सगळ्यांनाच सांगायची.

पुढच्या जूनमध्ये मी खटाव तालुक्यात बदली मागितली. कचेरीतल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. खटावातून सुटका व्हावी म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात, आणि हा गृहस्थ आपण होऊन चाललाय. त्यानं विचारलं, तिकडे कोणी नातेवाईक आहेत का. मी नाही म्हटलं, ते खरंच होतं. सासरे तोवर तासगावकडे बदलून गेले होते. आईलाही मी खरं कारण सांगितलं नाही. मला स्वतःलाच ते नीट सांगता आलं नसतं. मेलेली बायको खोकड होऊन माळावर हिंडतेय, यावर माझा विश्वास नव्हता. पण खोकड पाहिल्याशिवाय चैन पडणार नाही, एवढं कळत होतं.

गाव वडुजापासून अडीच कोसांवर. शाळा मारुतीच्या देवळात, चार इयत्ता आणि मी एकटा मास्तर. गाव संपलं की माळ सुरू होई, तो थेट आभाळाला टेकेपर्यंत. कुसळी गवत, खडे, मधूनमधून बोरीची झुडपं. वारा संध्याकाळी जो सुटायचा तो कान बधिर करून टाकायचा. मी हातानं भाकरी करायला शिकलो. त्या पहिल्या-पहिल्या भाकऱ्या गावातल्या कुत्र्यांनीही हुंगून सोडून दिल्या.

गावानं आल्या आल्या विचारलं, "मास्तर, मंडळी कवा आणताय?" मी म्हणालो, बघू. तोंडून शब्द निघून गेला. मग तो दुरुस्त करायचा राहिला तो राहिलाच. दर महिन्याला कोणीतरी विचारी आणि मी बघू म्हणे. असं करता करता गावाच्या लेखी माझी बायको वाईला जिवंत होती. संध्याकाळी चुलीपुढे बसलं की कधी कधी मलाही तसंच वाटू लागे, आणि ते फार वाईट असे. इतका एकटेपणा मी आधी कधी भोगला नव्हता. दिवाळीलाही वाईला गेलो नाही. आईचं कार्ड येई. त्याच्या खाली वडिलांच्या हातचा एकच शब्द असे, आशीर्वाद. मी उत्तर आईच्या नावानं लिही.

शाळेच्या आधी सकाळी आणि शाळा सुटल्यावर मी माळावर जाऊ लागलो. दिवस भलते होते. बेचाळीसच्या चळवळीतले पळालेले लोक डोंगरात लपलेले, पोलीस त्यांच्या मागावर. अशात एक परगावचा मास्तर रोज माळावर जाऊन नुसता बसतो म्हटल्यावर गावाला वाटलं हा पोलिसांचा माणूस, आणि हवालदाराला वाटलं हा लपलेल्यांना निरोप पोचवतो. पाटलानं एकदा बोलावून सरळ विचारलं. मी म्हणालो, खोकड बघायला जातो. पाटील इतका हसला, की माझ्यावरचा संशय तिथंच फिटला. म्हणाला, "खोकड काय बगायचं, मास्तर? आमी रोज बगतो."

हेच तर मला खपत नव्हतं. सगळ्या गावाला खोकड दिसायचं. नांगर धरलेल्याला दिसायचं, जळण वेचणारीला दिसायचं, वर्गातल्या झाडून साऱ्या पोरांनी पाहिलेलं. बघायला जात होतो एकटा मी, आणि मलाच दिसत नव्हतं.

बिळं सापडली. एका उताराला बोरीखाली सहा तोंडं होती, तिनं सांगितलं होतं तशीच. बाहेर उकरलेली ताजी माती, जवळच वाळलेली लेंडकी, त्यात टोळांचे पाय आणि बोरांच्या आठळ्या. म्हणजे घर भरलेलं होतं. मी एका तोंडासमोर तास तास बसे. पाय सुन्न होत, डोळ्यांत कुसळ उडे. मागे कुठेतरी खसखस होई. वळून पाहावं तर माती खाली घरंगळत असे, बाकी काही नाही. मी चडफडत परत येई आणि तो राग दुपारी पाढे चुकणाऱ्यांवर निघे. त्याची आज लाज वाटते.

माळावर माझ्याखेरीज आणखी एक माणूस रोज असायचं. धनगराची एक म्हातारी. दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात ते पावसाच्या तोंडाला परत येतात. हिचा गुडघा धरलेला, म्हणून मुलं-सुनांनी हिला आठ शेळ्यांसह मागे ठेवलेलं. खांद्यावर घोंगडं टाकून ती शेळ्यांमागे हिंडायची. दोन महिने आम्ही एकाच माळावर होतो, पण बोललो नाही. ती मला लांबून पाहायची आणि मी पाहिलं की शेळ्यांकडे वळायची.

मग मला ठशांची युक्ती सुचली. बिळांच्या तोंडाशी बारीक काहीतरी पसरून ठेवायचं, म्हणजे ते कोणत्या दारानं ये-जा करतं ते कळेल. आधी चुलीतली राख चाळून नेली. वाऱ्यानं ती माझ्याच तोंडावर आणून टाकली. मग ज्वारीचं पीठ नेलं. लढाईचे दिवस, धान्य मापून मिळायचं, आणि मी दोन मुठी पीठ माळावर सांडून आलो. सकाळी जाऊन पाहतो तो गावातलं एक कुत्रं ते चाटूनपुसून खात होतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तसलाच प्रकार. तरी मी दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा पीठ घेऊन गेलो. राख पाण्यानं जड करता आली असती, बारीक माती चालली असती. मला पीठच हवं होतं. चाळणीनं चाळलं, हातानं सपाट केलं. 

सकाळी गेलो तर पिठावर टोपली पालथी घातलेली. शेजारी दगडाच्या आडोशाला पणती, तिच्यातली वात जळून गेलेली. आणि दहा हातांवर ती म्हातारी, घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन बसलेली.

मी तिच्या अंगावर ओरडलो. तेलाचा वास, दिव्याचा उजेड, माणसाची चाहूल. आता ते जनावर बीळ सोडून जाईल, दोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, तुला कुणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला. असं बरंच बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मी दम खायला थांबलो तेव्हा म्हणाली,

"तुमी झाकलं न्हवतं. वारं लागलं असतं. म्हणून झाकलं." तिनं घोंगडं सावरलं. "कोण गेलं तुमचं, मास्तर?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पीठ चाळून पसरलेलं तिनं पाहिलं होतं आणि त्याचा तिच्या लेखी एकच अर्थ होता. परगावचा माणूस, इथं घर नाही, म्हणून त्यानं माळावर घातलं. झाकायचं मात्र त्याला ठाऊक नाही, कारण सांगणारं बाईमाणूस जवळ नाही. तिनं घरचं तेल आणलं आणि थंडीत बसून राहिली. गैरसमजच होता तो. पण गेल्या दीड वर्षात मला असं कोणी विचारलंच नव्हतं. वाईत सगळ्यांना माहीत होतं म्हणून, आणि इथं कोणाला माहीत नव्हतं म्हणून.

"बायको," मी म्हणालो. आणि जे रडू वाईत आलं नव्हतं ते तिथं आलं. उघड्या माळावर, परक्या बाईसमोर, मोठ्यानं.

ती उठली नाही, की जवळ येऊन पाठीवर हात फिरवला नाही. मला पुरेसं रडू दिलं. मग गुडघ्यावर हात टेकत आली आणि तिनं टोपली उचलली. पीठ कोरं होतं.

मी म्हटलं, आमच्याकडे कोरं राहिलं तर वाईट समजतात. ती म्हणाली, "आमच्यात न्हाई. कोरं म्हंजी सुटली. कुटं अडकली न्हाई."

मग तिनं टोपलीच्या भोवतालच्या धुळीकडे बोट केलं. तिथे ठसेच ठसे होते. खोकड दुसऱ्या तोंडातून बाहेर येऊन टोपलीला फेरी घालून गेलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत. तिनं काठीच्या टोकानं एक ठसा दाखवला. "ही गादी. ही चार बोटं. आन् ही म्होरं टोचल्यावानी दिसत्यात ती नखं. खोकड नखं आत घेत न्हाई. नखाबिगर खोकडाचं पाऊल हुतच न्हाई."

मी खाली वाकून पाहिलं. बोटांपुढे सुईनं टोचावीत तशी चार बारीक छिद्रं होती. आणि मला वाईचं पीठ दिसलं. तिथे गादी नव्हती. नखं नव्हती. चार गोल ठिपके होते, तीन ओळीत आणि एक मागे सरलेला. तीन सरळ बोटं आणि एक वाकडं.

मी तिथंच मातीत बसलो. रात्रभर दिव्याशी वडील होते. पहाटे त्यांनी टोपली उचलून पाहिली असणार, आणि पीठ कोरं असणार. आता बायका येतील, जीव घुटमळतोय म्हणतील, आणि मुलाला ते जन्मभर पुरेल. म्हणून त्या सोवळ्या माणसानं, ज्यानं मंत्रातला एक स्वर कधी चुकू दिला नाही, सुनेच्या पिठावर बोटं टेकवली होती. आणि जिचं कोणी ऐकत नव्हतं तिच्या प्राण्याचं नाव घेऊन तो नदीवर निघून गेला होता. मी त्याच माणसाशी बोलत नव्हतो.

म्हातारीला मी हे काही सांगितलं नाही. ती म्हणाली, खोकड बघायचं तर असं बिळावर डोळे लावून बसू नका. ज्याच्या दारावर कोणी टपून बसलंय ते बाहेर कशाला येईल? शेळ्यांत हिंडा.

शिमग्याच्या आधीचा रविवार. तिचं घोंगडं मी अंगावर घेतलं आणि शेळ्यांमागे चालत राहिलो, बिळाकडे पाठ करून. ऊन कललं होतं. ती हळूच म्हणाली, "आता बगा. दमानं." मी वळलो. बोरीखाली एक खोकड बसलं होतं आणि त्याच्या पायांत तीन पिलं लोळत होती. राखी रंग, काड्यांसारखे पाय, फारच मोठे कान. त्यानं माझ्याकडे पाहिलं, शेळ्यांकडे पाहिलं, आणि पिलाचा कान चाटू लागलं. त्याच्या नजरेत माझी काही ओळख नव्हती. असती अशी आशा मी धरून होतो, हे मला त्या क्षणी कळलं, आणि ती सुटलीही. ते उठून वळलं तेव्हा शेपटीचं टोक दिसलं. काळं, दौतीत बुडवून काढल्यासारखं.

"बरोबर होतं तुझं," मी म्हणालो. म्हातारीला वाटलं तिलाच म्हणतोय. व्हय म्हणाली आणि एका चुकार शेळीला हाकलायला गेली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वाईला गेलो. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार वाटेत चारदा थांबली, आणि दर वेळी मला वाटलं परत फिरावं. पोचलो तेव्हा दुपार होती. वडील माजघरात सहाणेवर गंध उगाळत बसले होते. पहिल्यापेक्षा वाळले होते. चंदनाच्या खोडाभोवती चार बोटं, त्यातलं एक वाकडं. मी पाय धुऊन आलो आणि त्यांच्या समोर बसलो. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदाच. 

"खोकड पाहिलं," मी म्हणालो.

त्यांचा हात थांबला. मान वर केली नाही. म्हणाले, "कसं असतं रे?"

मी सांगू लागलो. मांजराहून थोडं मोठं, रंग राखी, कान असे, शेपूट अशी. बिळाला सहा तोंडं. तीन पिलं. ते ऐकत राहिले, मध्येच विचारत राहिले, आणि सहाणेवरचं गंध वाळून गेलं. मी त्यांना सगळं सांगितलं. नखांचं तेवढं सांगितलं नाही.